किल्ल्यावरचा पहारेकरी: तुमच्याकडे किती प्रकारचे आहेत? (आणि एका डावखुऱ्याचा प्रश्न)

रेवदंडेकर

दिवाळी आठ दिवसांवर आली. आमच्या आळीतल्या पोरांनी अंगणात चिरे आणि माती ओढायला सुरुवात केलीय, म्हणून म्हटलं आता हा धागा काढावाच.

गेल्या मे महिन्यात घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत आमच्या लहानपणीच्या किल्ल्यावरचे मावळे. महाराजांची मान गेलेली, हत्तीला सोंड नाही, गवळण शाबूत. आणि पहारेकरी अकरा. तोच तो, दरवाज्याशी उभा करायचा, उजव्या मुठीत भाला, डावा हात कमरेच्या तलवारीवर. आम्ही दरवर्षी दोन घ्यायचो, कारण भाला हरवला की तो पहारेकरी आमच्या लेखी निवृत्त.

अकराच्या अकरा ओळीने ओट्यावर मांडले आणि तिथेच अडकलो. साचा एकच, पण दोन सारखे नाहीत. एकाची मिशी वर वळलेली, एकाची खाली, एकाला मिशी रंगवायचीच राहिलेली. शेला लाल, हिरवा, जांभळा. एकाचे दोन्ही डोळे उजवीकडे बघतायत, दरवाज्यातून कोण येतंय त्याचं त्याला काही नाही. त्या दिवसापासून मी फक्त पहारेकरी जमवतोय. अलिबाग, पेण, रोहा, माणगाव, महाड, जिथे कामाला जातो तिथे दिवाळीच्या बाजारात हेच बघतो. आज ५७ आहेत. बायको म्हणते घरात एवढा बंदोबस्त आणि दुधाची पिशवी मांजर पळवतं.

आता प्रश्न. जुन्या डब्यातल्या एका पहारेकऱ्याचा भाला डाव्या मुठीत आहे. उजवा हात नेहमीसारखा छातीशी, मूठ वळलेली, पण रिकामी. बाकी सगळं सारखं. ५७ मध्ये हा एकच. असा कुणाकडे आहे का? हा मुळात कोण आहे?

तुमच्याकडचे पहारेकरी पण येऊ द्या. मोजून सांगा.

तिरफळ

पहिली मी! आमच्याकडे शून्य. भावाने सगळे विहिरीत टाकले होते, पोहता येतं का बघायला.

एक_पुणेकर

छान धागा. उत्तर मात्र सोपं आहे. दरवाज्याच्या दोन बाजूंना दोन पहारेकरी लागतात, त्यामुळे ते जोडीने बनवले जात. उजवा आणि डावा. तुमच्याकडे जोडीतला डावा आलाय. पुण्यात कुंभारवाड्यात अजूनही जोडी मिळते.

रेवदंडेकर

हे माझ्याही डोक्यात आलं होतं. पण जोडीतला डावा म्हणजे आरशातला उजवा ना? मग तलवारही उजव्या कमरेला जायला हवी, पाऊलही दुसरं पुढे हवं. याची तलवार डावीकडेच आहे आणि पाऊलही बाकीच्यांसारखंच. भाला तलवारीच्या मुठीवरच्या हातात खुपसलाय, त्यामुळे तिरका, जवळजवळ आडवा येतो. पहारेकरी कमी आणि होडी वल्हवणारा जास्त वाटतो.

बाबल्या

गावकारानु, आमच्याकडे चावदिसाक खयचो किल्लो! रातभर नरकासुर करूचो, फाटफटी तेका जाळूचो, आंघोळ करून तुळशीकडे डाव्या पायाच्या अंगठ्यान कारीट फोडूचा, 'गोविंदा' म्हणान बोंब मारूची आणि मगे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडचे पोहे खावचे. गुळाचे, तिखटाचे, दह्याचे. मावळे बघूक मी मुंबैक मावशीकडे गेल्यावरच गावले.

डावखुरो आसा तर कारीट फोडूक बोलवा तेका.

सुरंगी

बाबल्या :)

पण मुद्दा खरा आहे. दिवाळीचा किल्ला म्हणजे 'अख्ख्या कोकणाची परंपरा' असं नका समजू. आमच्या वेंगुर्ल्याकडे माझ्या आईच्या लहानपणी कुणी किल्ला करत नसे. माझ्या शाळेत ८९-९० च्या सुमाराला स्पर्धा सुरू झाली आणि मग घरोघरी किल्ले. अलिबाग-पेणकडे पुण्या-मुंबईचा शेजार, तिथे आधीपासून असेल.

घाटमाथा

एक गोष्ट मला कायम खटकते. कोकणातली पोरं दिवाळीला जलदुर्ग करतात, घमेल्यात पाणी भरून मधोमध तट, आणि त्यावर उभा कोण, तर मावळा! मावळा हा मावळ खोऱ्यातला माणूस. त्याला समुद्राचं काय? तुमच्या किल्ल्यावर कोळी, भंडारी हवेत. खांदेरी १६७९ मध्ये बांधायला घेतली, इंग्रज आणि सिद्दी दोघंही अंगावर आले, तेव्हा बेटावर ठाण मांडून होता मायनाक भंडारी. आरमाराचे सरदार दर्यासारंग आणि दौलतखान. यातल्या एकाचीही मूर्ती आजवर बाजारात पाहिली नाही.

हर्णैचा

@घाटमाथा, शंभर टक्के. आम्ही हर्णैला राहतो, समोर सुवर्णदुर्ग दिसतो, त्यामुळे आमच्याकडे किल्ला म्हटलं की पाणी आलंच. लहानपणी गलबतं आम्हीच करायचो. पोफळीची विरी कापून नाव, हिराची डोलकाठी, जुन्या धोतराच्या चिंधीचं शीड. करवंटी पण चालते, पण ती गोल फिरत बसते. त्यावर खलाशी म्हणून आम्ही कुणाला बसवायचो? तर भाला मोडलेल्या पहारेकऱ्यांना. रेवदंडेकर त्यांना निवृत्त करत होते, आम्ही आरमारात बदली करायचो. नाव हलली की पहिला हाच पडायचा, मातीचा असल्यामुळे दहा मिनिटांत पायांपासून विरघळायला लागायचा. घमेल्यातलं पाणी लाल.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात किनाऱ्यावरचे चार: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. तेव्हा आता तरी मूर्तिकारांनी एखादा खलाशी, एखादा तांडेल काढावा. आमच्याकडे दुकानात विचारलं तर म्हणाले, "क्रिकेटचा पंच आहे, चालेल?"

तिरफळ

पंच चालेल की. हात पसरून उभा असतो, दीपस्तंभ म्हणून वापरा.

मालवणी_खाजा

मालवणला सिंधुदुर्ग करताना दुसरी पंचाईत. किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. आतली महाराजांची मूर्ती बिनदाढीची. आमच्या सरांचा आग्रह, स्पर्धेच्या किल्ल्यात ते देऊळ आणि मूर्ती तशीच हवी. बाजारात महाराज दोनच: सिंहासनावरचे नाहीतर घोड्यावरचे, दोघांनाही काळी झोकदार दाढी. मग आम्ही काय केलं असेल? पहारेकरी घेतला, भाला काढला, तलवार घासून काढली आणि वर गंधाने रंग दिला. दुसरा नंबर आला.

रेवदंडेकर

@मालवणी_खाजा, तो आहे का अजून? मला हवाय. बदल्यात दोन जांभळे शेले देतो.

@हर्णैचा, तुमचा 'आरमारी' ही वेगळी जात म्हणून नोंदवतोय. मला वाटलं होतं फक्त रंगाचे प्रकार असतील, इथे तर पोटजाती निघाल्या.

फणसगरा

नोंदवतोय म्हणजे? वही आहे का तुमची?

रेवदंडेकर

आहे. हसू नका. शंभर पानी. प्रत्येकाला क्रमांक, कुठून आणला, उंची, वजन, काय मोडलंय. तळाशी पेन्सिलीने तोच क्रमांक. उंचीचा तक्ता केला तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली: जुने बरोबर चार इंच, काही पावणेचार, काही साडेतीन, पण ठेवण तीच, घडी न् घडी तीच. साडेतीनवाल्यांचं नाक जवळजवळ सपाट. याचं कारण कुणाला माहीत आहे का?

पेणकर_जुने

हे मी सांगू शकतो. माझं आजोळ पेणचं, मामांचा गणपतीचा कारखाना होता. भाद्रपदात गणपती गेले की कारखान्यात शुकशुकाट. मग उरलेल्या मातीत मामा दिवाळीचा माल काढायचे. शाळेला सुट्टी लागली की आम्ही भाचरं तिथेच.

साचा झिजला किंवा फुटला की नवीन साचा करायला मूळ मूर्ती लागते. ती कुणी जपून ठेवलेली नसते. मग काय करायचं, तयार मालातलाच एक बरा पहारेकरी उचलायचा आणि त्याच्यावरून साचा घ्यायचा. ओली माती सुकताना आकसते, त्यामुळे साच्यापेक्षा वाळलेली मूर्ती लहान असते. चार इंचाला दोनेक सूत, म्हणजे पाव इंच धरा. त्या लहान मूर्तीवरून साचा, त्यातून आणखी लहान मूर्ती. प्रत्येक पिढीत नाक, बोटं, दागिने बोथट. तुमचा साडेतीनवाला हा चारवाल्याचा नातू आहे.

प्लास्टरचं तसं नाही, ते सुकताना आकसत नाही, उलट कणभर फुगतं. म्हणून प्लास्टरवाल्यांचा पहारेकरी वर्षानुवर्षं त्याच उंचीचा मिळेल. नाक मात्र तिथेही झिजतं, कारण शेवटी साचा तो साचाच.

रेवदंडेकर

दंडवत! वहीत 'आजोबा, बाप, नातू' असे तीन रकाने आखले.

नवशी_गवशी

मूळ प्रश्न: माती की प्लास्टर हे ओळखायचं कसं? माझ्याकडे सासूबाईंचे सहा आहेत. (हो, सहाही मोजले, या धाग्याने घर बिघडणार.)

पेणकर_जुने

तळ बघा. रंग उडालाय तिथे पांढराशुभ्र दिसला तर प्लास्टर. शाडू असेल तर मळकट करडा, साधी माती असेल तर तपकिरी. पक्कं करायचं असेल तर ओलं बोट तळाला घासा, कच्ची माती बोटाला लागते. भाजलेली असेल तर लागत नाही, पण किल्ल्याची खेळणी भाजलेली कमीच. आणि कानाजवळून खांद्याकडे जाणारी एक बारीक रेघ दिसेल, ती साच्याच्या दोन पाळ्यांची जोड. नीट पुसलेली असेल तर कारागीर जुना, नुसती रंगवून टाकलेली असेल तर घाईचा माल.

नवशी_गवशी

चार शाडूचे, दोन प्लास्टरचे. बोट घासताना एकाचा अंगठा गेला. सासूबाईंना सांगणार नाहीये.

एक_पुणेकर

पीओपीच्या बंदीत मावळे येतात का? परवा कुणीतरी म्हणत होतं.

फणसगरा

तो सगळा वाद विसर्जनाचा आहे, नदी-समुद्रात जाणाऱ्या मूर्तींचा. मावळ्यांचं विसर्जन कोण करतंय!

हर्णैचा

आम्ही करायचो. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा आणि तुटके मावळे खाडीत. रीतसर 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून.

फर्नांडिस_कोर्लई

नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहावंसं वाटलं. मी रेवदंड्याच्या पलीकडचा, खाडी ओलांडली की आमचं कोर्लई. आमच्या पाड्यात घरी अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, बाहेर मराठी.

नाताळला आम्ही गोठा करतो. बाळ येशू, मारिया, जुझे, गाय, गाढव, मेंढरं. आई वसईच्या नातेवाइकांकडून मूर्ती आणायची, पण त्या मोजक्या. बाकीची गर्दी कुठून आणणार? तर दिवाळी संपली की रेवदंड्याच्या बाजारात उरलेला माल निम्म्या किमतीत मिळायचा. गवळण आमच्या गोठ्यात पाणी घेऊन यायची. उंट नसायचे म्हणून तीन राजे हत्तीवरून. आणि पहारेकरी मेंढपाळ व्हायचा. भाला काढायचा, त्याच्या जागी आई तारेला वरून आकडा वळवून काठी करून घालायची. पागोट्यावर पांढरा रंग. मिशी मात्र तशीच, आईने कधी पुसली नाही. म्हणायची, मेंढपाळाला मिशी नसते असं कुठे लिहिलंय?

तसे चार आहेत माझ्याकडे. आणि रेवदंडेकर, मला वाटतं आपण दोघांनी ते एकाच टोपलीतून घेतलेत.

रेवदंडेकर

वा! हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. पारनाक्यावर वडाखाली बसणाऱ्या आजी का? निळ्या प्लास्टिकवर मांडायच्या, आणि एक घेतला तरी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी?

फर्नांडिस_कोर्लई

त्याच. मोडका निघाला तर बदलून द्यायच्या नाहीत. "पोरा, लढाईत मोडतंच."

सुरंगी

फर्नांडिस, फार छान. फोटो टाका ना.

फर्नांडिस_कोर्लई

गोठा डिसेंबरात उघडतो. तोपर्यंत आईच्या ट्रंकेत. ट्रंकेला हात लावायची परवानगी या वयातही नाही.

सावंतवाडीकर

लाकडी पहारेकरी कुणाकडे आहे का? आमच्या चितार आळीत फळं, भातुकली, बैल, पाट सगळं होतं, पण मावळा मागितला की नाही म्हणतात. माझ्या काकांनी एकदा हौसेने करून घेतला होता. पांगाऱ्याचं लाकूड, हलकं, कातायला सोपं. पण कातारकामात सगळं गोल येतं, त्यामुळे पहारेकरी झाला बुद्धिबळातल्या प्याद्यासारखा. हात वेगळे करून चिकटवलेले. रंग मात्र काय सुंदर, अजून चमकतो. भाला दोन वर्षांत गेला. पहारेकऱ्याचं नशीब लाकडातही तेच.

तिरफळ

भाला कशाचा असतो तुमच्या सगळ्यांच्या? आमच्याकडे केरसुणीतला हीर आणि टोकाला चॉकलेटची चांदी.

मालवणी_खाजा

हीर +१. दुकानातून येताना लोखंडी तार असते, आमच्या खाऱ्या हवेत ती दुसऱ्या दिवाळीला गंजून फुगते आणि मूठच फोडते. म्हणून आणल्या आणल्या तार काढायची, हीर घालायचा.

रेवदंडेकर

अगदी! माझ्याकडच्या ५७ पैकी १९ जणांच्या मुठी गंजाने फुटल्यात. जमवणाऱ्यांनी हे पहिलं करावं. आणि साठवणीचं पण विचारतो. पावसाळ्यात रंगावर बुरशी येते, पांढरी, कापसासारखी. काय करावं?

सुरंगी

रंगात डिंक असतो, बुरशीला तो गोड लागतो. ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, रंगच निघेल. कोरडा मऊ ब्रश. मी माझ्या गौरीच्या मुखवट्यांना करते ते सांगते: ऑक्टोबरच्या उन्हात सावलीला दोन दिवस, मग सुती कपड्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून. पेंढ्यात ठेवू नका, कसर येते. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही, आत घाम धरतो.

बाबल्या

बुटाचे खोके सांभाळूक सांगतंस, माजे बूट खय सांभाळू?

घाटमाथा

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. डावखुरा कोण? माझा अंदाज, तो पहारेकरी नाहीच. उजवा हात छातीशी म्हणजे तो मुजरा करतोय. मुजरेवाला चोपदार. वेगळा साचा.

एक_पुणेकर

जोडीचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. साचा उलटा करून...

पेणकर_जुने

पुणेकर साहेब, साचा उलटा करून डाव्याचा उजवा होत नाही हो. हातमोजा आतून बाहेर काढल्यासारखं नसतं ते. साच्यावरून कितीही पिढ्या काढा, उजवा हात उजवाच. आरशातला पाहिजे तर कुणीतरी बसून नव्याने घडवायला लागतो, आणि त्यात तलवारही फिरते. तलवार फिरलेली नाही म्हणजे साचा तोच. घाटमाथ्यांचा मुजराही त्यामुळेच बाद.

मी तुमचा प्रश्न पहिल्या दिवशी वाचला तेव्हाच शंका आली होती, पण खात्री नव्हती म्हणून मामांना फोन केला. वय ८१, ऐकू कमी येतं, दोनदा "कुणाचा डावा हात मोडला?" विचारलं. मग एकदम हसायलाच लागले.

मुठीतलं भोक साच्यात नसतं. साच्यातून काढलेली मूर्ती आधी सावलीत टाकायची. बोट लावलं तर ठसा उमटत नाही पण नख रुततं, इतपत सुकली की तार घेऊन मुठीत आरपार भोक पाडायचं. आधी पाडलं तर मूठ दबते, उशिरा पाडलं तर चिरते. कुठे पाडायचं ते कळावं म्हणून साच्यातच उजव्या मुठीवर टाचणीच्या डोक्याएवढा खळगा ठेवलेला असतो. आणि हे भोकं पाडायचं काम कुणाचं? पोरांचं. शेकड्यावर पैसे. आम्ही फळीवर पन्नास पन्नास मांडून सपासप भोसकत जायचो. एखादी फळी उलट्या बाजूने आली, पहारेकरी पाठमोरे असले की पाठीकडून उजवं-डावं चुकायचं. मामी ओरडायची. चुकलेला मोडून परत मातीत. एखादा नजरेतून सुटायचा, रंगायला जायचा, बाजारात जायचा.

तेव्हा रेवदंडेकर, सुई घ्या आणि त्याच्या उजव्या मुठीवर रंगाखाली खळगा आहे का बघा.

नवशी_गवशी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

हर्णैचा

रेवदंडेकर कुठे गेले?

तिरफळ

सुई शोधतायत.

रेवदंडेकर

आहे!!

आईचं भिंग घेऊन बसलो होतो. उजव्या मुठीवर, अंगठ्याच्या शेजारी, बरोब्बर टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. अंगाच्या रंगाने भरलेला, म्हणून इतकी वर्षं दिसला नाही. मग बाकीचे काढले. ज्यांचा भाला नीट आहे त्यांच्यात तिथेच भोक. म्हणजे हा चोपदार नाही, जोडीतला नाही, कुणीतरी दहा वर्षांच्या पोराने पाठीमागून भोसकलेला साधा पहारेकरी आहे.

पेणकर, तो तुम्हीच नसाल ना?

पेणकर_जुने

साल काय?

रेवदंडेकर

डब्यावर माझ्या अक्षरात 'इयत्ता ३ री' लिहिलंय. म्हणजे १९९४.

पेणकर_जुने

मी नव्हे. ९४ ला मी कॉलेजात होतो. धाकटी मावसबहीण असू शकेल. ती आता दातांची डॉक्टर आहे, भोकं पाडायची सवय गेली नाही.

एक_पुणेकर

मान्य. जोडी मागे घेतो. (पण पुण्यात जोडी मिळते, एवढं नोंदवून ठेवा.)

फणसगरा

म्हणजे शेवटी हा 'प्रकार' नाही, चूक आहे. वहीतून काढणार का?

घाटमाथा

का काढायचा? तिकिटं जमवणाऱ्यांना विचारा. १८५४ सालच्या आपल्या चार आण्याच्या तिकिटाच्या काही प्रतींवर राणीचं डोकं उलटं छापलं गेलं. सरळ डोक्याच्या तिकिटापेक्षा त्या उलट्याला किती भाव आहे ते बघा.

फणसगरा

तिकीट एकदा सरकारने छापलं की तेच असतं. इथे दरवर्षी पोरं चुका करतच असणार. मग मिशी विसरलेला, डोळे एका बाजूला गेलेला, सगळ्याच चुका. 'बरोबर' पहारेकरी आहे का एक तरी?

रेवदंडेकर

५७ मध्ये? नाही. मघाशी परत बघितले. सगळ्यात बरोबर जो आहे तो प्लास्टरचा, गेल्या वर्षीचा, फवाऱ्याने रंगवलेला. तसे एका दुकानात चाळीस होते, चाळीसही सारखे. मी एकच घेतला, चाळीस रुपयांना, आणि तोच वहीत लिहायचा राहून गेलाय.

नवशी_गवशी

माझा अंगठा गेलेला कुठल्या रकान्यात?

तिरफळ

'सासूबाईंना सांगणार नाही' या रकान्यात.

मालवणी_खाजा

रेवदंडेकर, बिनदाढीचे महाराज सापडले. म्हणजे तुमचा पहारेकरी. एक कान नाही. जांभळे शेले दोन नको, एक पुरे, पण नाक असलेला आजोबा द्या.

रेवदंडेकर

ठरलं. दिवाळी झाली की पेणला उरलेला माल बघायला जायचंय, कुणी येणार असेल तर सांगा. पेणकर, मामांना भेटता येईल का? मोठ्याने बोलेन.

पेणकर_जुने

या की. येताना डावखुऱ्याला आणा. मामा म्हणाले, बघून सांगतो कुणाचा हात आहे ते.

रेवदंडेकर

(वसुबारस, रात्री साडेनऊ) सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. एक ताजी बातमी. आत्ता ओट्यावर गेलो तर आई पुतण्याच्या किल्ल्यासाठी डब्यातले पहारेकरी निवडत बसली होती. डावखुरा तिच्या हातात, भाला उपसून बाजूला, आणि दाभणाने उजव्या मुठीत भोक पाडायला घेतलेलं. "अरे, एवढा चांगला आहे, नुसता भाला चुकीच्या हातात दिलाय रे कुणीतरी."

वेळेवर काढून घेतला. डबा परत माळ्यावर.

बाबल्या

आवशीक सांग, कारीट फोडूक तरी ठेय मगे.